गोदातीरींचा यवन

विद्यार्थिमित्रहो, ज्या गोदावरीच्या काठीं आपलें गंगाखेड वसलें आहे, तिच्याच काठीं, उगमाच्या बाजूस, नाशिक शहर आहे. त्याजवळील त्रिरश्मि डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. लोक त्यांस पांडवलेणीं म्हणतात. त्यांतील सतराव्या लेण्यांतील एका शिलालेखाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त. तो धर्मदेवाचा पुत्र, उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी व ‘योनक’, म्हणजे यवन होता. हें नांव आपल्या पूर्वजांनीं प्रथम ग्रीकांस दिलें. लेणें, आंतील चैत्यगृह व पाण्याचीं टाकीं त्यानें मातापित्यांप्रीत्यर्थ चारही दिशांच्या भिक्षुसंघास अर्पण केलीं. या दानांत त्याचा पुत्र धर्मरक्षित सहभागी होता. कार्ले व जुन्नर येथेंही यवन दात्यांचे लेख आढळतात.

परकीयांस हा धर्म आपलासा कां वाटला असावा? ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ या प्रश्नावर कांहीं प्रकाश टाकतो. मिलिंद म्हणजे इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत वायव्य भारतांत राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. ग्रंथांत भिक्षु नागसेन त्यास विचारतो: महाराज, आपण रथांतून आलांत, तर चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? राजा नाहीं म्हणतो. सर्व भाग जुळले म्हणजे त्यांस रथ म्हणावयाचें. त्याचप्रमाणें शरीर व मन यांच्या समुच्चयास आपण माणसाचें नांव देतों, असें नागसेन त्यास पटवितो. प्रश्नोत्तरांनीं सत्य शोधण्याची ही रीत सॉक्रेटिसाच्या देशास परिचित होती, तशीच उपनिषदांच्या देशासही होती.

पुढील संभाषणापूर्वीं नागसेन एक अट घालतो. पंडितांप्रमाणें वाद करणार असाल तरच बोलूं, राजांप्रमाणें नाहीं. कारण पंडित आपलें मत खोडलें गेलें तरी रागावत नाहीं, राजा मात्र विरोधकास दंड करतो. मिलिंद ती अट मान्य करतो.

आम्हांस या कथेचें मर्म या अटींत दिसतें. प्रत्येक घरांत व वर्गांत कोणी तरी वडील असतो आणि कोणी तरी प्रश्न विचारणारा असतो. पालकांनीं व गुरुजनांनीं प्रश्नास दंड करूं नये. विद्यार्थ्यांनींही आपली चूक दिसतांच ती न रागावतां मान्य करावी. नाशिकास जाल तेव्हां तो लेख अवश्य पाहा. दूर देशींच्या एका पुत्रानें आईबापांसाठीं केलेलें तें दान आहे.