जुना शेअर हाती लागला? आधी तपास, मग भाव!

समजा, लासूर स्टेशनच्या एखाद्या जुन्या घरातली पेटी उघडली आणि रद्दीत जाता जाता शेअरचं सर्टिफिकेट तुमच्या हाती लागलं. जुन्या नाण्यांसारखे हे कागद जमवणारेही असतात. म्हणजे धंदा आहे. पण घाई केली की फसलात!

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या कोळसा खाणींचे हक्क १८८६ मध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनीनं घेतले. १९२० मध्ये तो कारभार सिंगरेणी कॉलरीजकडे गेला आणि ही कंपनी आजही चालू आहे. म्हणून कागदावरचं नाव ओळखीचं नाही, एवढ्यावरून तो निकामी ठरवू नका.

१. कंपनी चालू आहे का? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर बघा. नाव बदललंय का, दुसरीत विलीन झालीय का, तेही शोधा.

२. चालू असेल तर ती मालमत्ता आहे. सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर आयईपीएफ या सरकारी निधीत जातात, पण वारसांना ते परत मागता येतात. घरच्यांना हे सांगा. दोनशे रुपयांत उचलू नका.

३. कंपनी बंद असेल तरच संग्राहकाचा भाव. वय, सही, चित्र, मुद्रांक आणि कागदाची अवस्था बघा.

४. लॅमिनेशन, सेलोटेप, टाचणी अजिबात नको.

लक्षात ठेवा, गावात शब्द राहिला तर पुढची पेटी लोक तुम्हालाच बोलावून उघडतील!