खोडे एकजीव का होत नाहीत?

प्रश्न : बोन्सायसाठी वड आणि पिंपळाची कोवळी रोपे सुतळीने एकत्र बांधून वर्ष झाले, तरी खोडे जुळलेली नाहीत. साल खरवडून मध्ये डिंक भरावा काय?

उत्तर : डिंक भरू नये, कारण त्याचा थर उलट आड येतो; खोडे जुळतात ती ऊतककरामुळे, म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधल्या, खोडाची जाडी वाढवणाऱ्या पेशींच्या पातळ थरामुळे, आणि त्यासाठी सततचा दाब लागतो, जो कुजून सैल पडणारी सुतळी देत नाही. वड व पिंपळ एकाच प्रजातीगटातले असले, तरी त्यांची वाढ आणि पाने भिन्न असल्याने सांधा बेढबच दिसतो. त्याऐवजी एकाच नांद्रुकाच्या फांद्यांपासून तयार केलेली, पेन्सिलीएवढी जाड रोपे घ्यावीत. त्यांची साल पातळ असल्याने खरवडण्याचीही गरज सहसा पडत नाही. ती ताणल्या जाणाऱ्या कलमपट्टीने घट्ट आवळावीत, मात्र पावसाळ्यात खोड झपाट्याने फुगत असल्याने पट्टी सालीत रुतू लागताच सोडून पुन्हा बांधावी, अन्यथा वळ वर्षानुवर्षे राहतात. जोमदार रोपाचा शेंडा खुडल्यास दुबळे मागे पडत नाही. वर्षभरात सांधा न दिसणे हे अपयश नव्हे. पूर्ण एकजीव होण्यास काही वर्षे लागतात. छाटणीच्या वेळी चीक त्वचेला व डोळ्यांना लागू देऊ नये.