फळ्यावरचा सुविचार

प्रश्न : आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी रोज सकारात्मक विचारांचा एक सुविचार फळ्यावर लिहिला जातो व मुले तो वहीत उतरवून घेतात. याचा खरोखर काही उपयोग होतो का?
— एक शिक्षक, गंगाखेड

उत्तर : सुविचाराचे मोल सर्वस्वी नाकारावे असे मी म्हणणार नाही, परंतु ज्याच्या घरचे काढणीला आलेले सोयाबीन कालच पावसात भिजले आहे, अशा मुलापुढे ‘मी सर्व काही करू शकतो’ हे वाक्य खडूच्या सुबक अक्षरांत मांडले, तर त्यास धीर येण्याऐवजी ते एखाद्या फर्मानासारखे वाटण्याचाच संभव अधिक. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा आत्मसन्मान मुळात दुर्बल आहे, त्यांना स्वतःविषयीचे स्तुतिवाक्य घोकल्याने उलट अधिक खिन्न वाटले. इतरांना लाभ झाला, पण तोही अल्पच.

कोणते शब्द मनाला भिडतात, याचा दाखला आपल्या गावीच आहे. गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबल्या, आणि त्यांच्या अभंगांत दळण, कांडण, शेण्या वेचणे हे कष्ट झाकून ठेवलेले नाहीत. म्हणूनच जात्याशी बसलेल्या बायांना ते आपले वाटले.

तेव्हा तजवीज एवढीच करावी : वाक्य मुलांनी आळीपाळीने घरून आणावे, आजीच्या तोंडची म्हण असली तरी चालेल, आणि ते केव्हा उपयोगी पडले, किंवा पडले नाही, हे दोन मिनिटे सांगावे. वह्या मात्र कृपा करून तपासू नका.