डाग कोणता, खूण कोणती? जुना फोटो मुलांसोबत दुरुस्त करताना



आठवीला ‘इतिहासाची साधने’ शिकवताना छायाचित्र हेही एक साधन आहे, असं आपण सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. यंदा मी मुलांना घरातला सर्वांत जुना फोटो शोधायला सांगितला. (मूळ फोटो शाळेत आणायचा नाही, त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणायचा, ही अट आधीच घाला. ट्रंकेतला फोटो दप्तरात गेला की संपलाच.) कुणाच्या फोटोला ओल लागलेली, कुणाचा कसरीने खाल्लेला, कुणाचा घडी पडून फाटलेला. “बाई, हे नीट करता येतात ना?” हा प्रश्न लगेच आला.

एक मुलगी तर दुसऱ्याच दिवशी फोटो ‘नीट’ करून घेऊन आली. तिच्या पणजीचा एकुलता एक फोटो, रंगवलेल्या पडद्यापुढे स्टुडिओत काढलेला. मधोमध घडी पडून गालावरून चीर गेलेली. मोबाइलमधल्या ॲपने काही सेकंदांत चीर घालवली आणि चेहरा लख्ख केला. वर्गात टाळ्या पडल्या. संध्याकाळी तिने तो आजीला दाखवला.

“ही कोण गं?”

“अगं आजी, तुझीच आई.”

“छे! माझ्या आईच्या तोंडावर देवीचे वण होते. ही दुसरीच कुणीतरी आहे.”

मुलीने हे सांगितलं तेव्हा वर्गातून पहिला प्रश्न आला, “बाई, देवीचे वण म्हणजे काय?” आपला देश देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं. आपल्या मुलांनी तसा चेहरा कधी पाहिलेलाच नाही. आणि ॲपने? त्यानेही बहुधा फारसे पाहिले नसावेत.

इथे थोडं थांबून मुलांना समजावून सांगायला हवं. असं ॲप आपल्या फोटोतला हरवलेला भाग ‘शोधत’ नाही, कारण जे कागदावरून गेलं ते गेलं. हजारो चेहरे दाखवून त्याला शिकवलेलं असतं, त्यावरून ‘इथे साधारण असं असावं’ असा अंदाज तो काढतो आणि त्या जागी रंगवतो. २०२१ साली आलेलं ‘जीएफपीगॅन’ हे चेहरे सुधारणारं प्रसिद्ध तंत्र ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकवलेलं आहे, आणि ते चेहरे ‘फ्लिकर’ या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलेले होते. आपल्या पणज्या तिथे कुठून असणार? २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या तंत्राला कुणीतरी बराक ओबामांचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो दिला, तर त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, रेखीव चेहरा बाहेर आला. हे उदाहरण मुलांना फार पटतं.

मग आम्ही तोच फोटो हाताने दुरुस्त करायला घेतला. घरी करणार असाल तर आधी स्कॅन नीट हवा. ६०० डीपीआयवर स्कॅन केलं तर दोन बाय तीन इंचांच्या फोटोचे १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, तेवढे पुरतात. फोटो पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर तो ओढू नका. ओलीने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि चेहरा काचेवरच राहतो. अशा वेळी काचेसकटच स्कॅन करावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून जातो. आणि मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, त्याची कॉपी करून तिच्यावर काम करायचं.

आमच्याकडे ‘गिंप’ आहे. ते फुकट मिळतं आणि शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतं. त्यात ‘हील’ आणि ‘क्लोन’ ही दोन साधनं शिकली की बरंचसं काम होतं. कंट्रोल दाबून चांगल्या जागेवर क्लिक करायचं, मग खराब जागेवर ब्रश फिरवायचा. ‘हील’ आजूबाजूच्या छटेशी जुळवून घेतं, म्हणून गाल, कपाळ, पडदा यांसाठी ते बरं. पण जिथे चेहऱ्याची कड पडद्याला भिडते तिथे ‘हील’ फराटा ओढतं, तिथे ‘क्लोन’ घ्यावं.

चीर गेली. हनुवटीवर बुरशीचे तीन बारीक ठिपके होते, तेही मीच पुसले. मुलगी प्रिंट घेऊन घरी गेली. दोन दिवसांनी आजी स्वतःच शाळेत आल्या. म्हणाल्या, “वण आले, बरं झालं. पण बाई, गोंदण पुसलंत की!”

मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. ॲपला नावं ठेवत होते आणि तीच चूक माझ्या हातून झाली होती.

त्यानंतर दुरुस्तीच्या आधी ‘डाग-वही’ करायची असं आम्ही ठरवलं. फोटोची मोठी प्रिंट काढून प्रत्येक डागाला आकडा द्यायचा आणि तीन रकाने करायचे: कागदाचा डाग, माणसाची खूण, माहीत नाही. ओळखायचं कसं? कागदाला चेहरा कळत नाही. बुरशी किंवा चीर गालावरून सुरू होऊन पडद्यावर, पदरावर सरळ पुढे जाते. वण चेहऱ्याच्या कडेशी थांबतात. तीन ठिपके एका रेषेत, सारख्या अंतरावर असतील तर बुरशीचा संशय आधी सोडा. मूळ फोटो तिरप्या उजेडात धरून बघा, कागदाची इजा वर उठलेली किंवा खरवडलेली दिसते. आणि यातलं काहीच जमलं नाही तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. खरं तर त्यांना सगळ्यात आधी विचारायला हवं, ते मी केलं नव्हतं.

रंग भरायचा मोहही मुलांना होतोच. जुन्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे कुंकू काळंभोर येई आणि लाल लुगडंही काळसर. आपल्या फोटोसाठी कुठली फिल्म वापरली होती, हे ॲपला कुठून कळणार? त्याने पणजीचं लुगडं तपकिरी केलं होतं. आजी म्हणाल्या, हिरवं होतं, बांगड्यांशी जुळणारं. रंगीत प्रत केलीच तर तिच्यावर ‘रंग आठवणीतून’ असं लिहून ठेवा.

आजी त्या दिवशी तासभर वर्गात बसल्या. त्यांनी दंडावरची देवीची लस टोचल्याची खूण दाखवली. प्रत्येक मुलाने ती जवळ येऊन पाहिली. आईला देवी आली तेव्हा ती सात वर्षांची होती, घरातलं एक भावंड त्यात गेलं, हेही त्यांनी सांगितलं. हे त्यांच्या नातीला माहीत नव्हतं.

फोटो आता तीन प्रतींत आहे: मूळ स्कॅन, दुरुस्त केलेला आणि नावं, गाव, अंदाजे साल खाली टाइप केलेला. वण आहेत, गोंदण परत आणलं आहे. कानाजवळचा एक काळा ठिपका मात्र आम्ही तसाच ठेवला. तो आजींनाही आठवत नाही, म्हणून वहीत तो अजून तिसऱ्या रकान्यात आहे.