आंतरराष्ट्रीय अभ्यास : पदवीचा मार्ग आणि एका कराराचे वाचन

बारावीनंतर कला शाखेतून पदवी घेऊ इच्छिणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयाचे आकर्षण असते. परराष्ट्र सेवेचे स्वप्न हे त्याचे एक कारण आणि वृत्तपत्रांतून रोज भेटणाऱ्या जागतिक घडामोडींविषयीचे कुतूहल हे दुसरे. तथापि पहिल्याच सत्रात यांपैकी काहींचा अपेक्षाभंग होतो. परराष्ट्रविषयक बातम्या नियमित वाचणे म्हणजेच हा विषय, अशी समजूत घेऊन ते वर्गात येतात. आणि तेथे त्यांची गाठ १६४८ चा वेस्टफालियाचा तह, सार्वभौमत्वाची संकल्पना, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलमे आणि व्यापाराच्या ताळेबंदाशी पडते. बातमीपासून या अभ्यासाची सुरुवात होऊ शकते. अभ्यास मात्र बातमीमागील दस्तऐवज, नकाशा आणि हिशेब यांचा करावयाचा असतो. हा फरक उशिरा उमगला तर पदवीची तीन-चार वर्षे टिपणे गोळा करण्यात निघून जातात.

विषयाची घडण

स्वतंत्र विद्याशाखा म्हणून या विषयाचे वय फार नाही. पहिल्या महायुद्धातील संहारानंतर, युद्धे का होतात आणि ती कशी टाळता येतील, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास व्हावा म्हणून १९१९ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. त्यास अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले. भारतात स्वातंत्र्यापूर्वीच, १९४३ मध्ये, इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही संस्था उभी राहिली. तिच्याच प्रयत्नांतून १९५५ मध्ये नवी दिल्लीतील सप्रू हाऊस येथे इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. ए. अप्पादोराय हे त्याचे पहिले संचालक होत. १९७० मध्ये हे स्कूल जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले.

या परंपरेचा भर आरंभापासून संशोधन आणि पदव्युत्तर अध्यापनावर राहिला. त्यामुळे पदवी स्तरावर हा विषय स्वतंत्रपणे शिकविणाऱ्या संस्था आपल्याकडे मोजक्याच आहेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचे नाव त्यात ठळकपणे घ्यावे लागेल. काही खाजगी विद्यापीठांनीही असे अभ्यासक्रम सुरू केले आहेत. त्यांचे शुल्क सर्वांना परवडणारे नाही. बहुसंख्य विद्यार्थ्यांचा मार्ग आजही राज्यशास्त्राच्या पदवीतूनच जातो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील काही महाविद्यालयांत संरक्षण व सामरिकशास्त्र हा जवळचा विषय पदवीला घेता येतो. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा घेतली जाऊ लागली, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये चार वर्षांच्या पदवीचा आणि मुख्य विषयाच्या जोडीने दुसरा विषय घेण्याचा पर्याय खुला झाला.

प्रवेश घेताना पदवीच्या नावापेक्षा अभ्यासपत्रिकांची यादी पाहावी, असे आमचे मत आहे. आधुनिक इतिहास, अर्थशास्त्राची मूलतत्त्वे, आंतरराष्ट्रीय कायदा आणि एक परकीय भाषा यांना जेथे स्थान आहे, तो अभ्यासक्रम नावाने राज्यशास्त्राचा असला तरी उपयुक्त ठरेल. नाव भारदस्त, परंतु सर्व अभ्यासपत्रिका चालू घडामोडींच्याच, असे जेथे असेल तेथे सावध राहावे.

फराक्क्याचे पाणी

हे सारे विषय एकत्र का शिकावयाचे, याचे उत्तर एखाद्या उदाहरणातूनच नीट मिळते. त्यासाठी भारत आणि बांगलादेश यांच्यातील १९९६ चा गंगा जलवाटप करार घेऊ. हा करार लहान आहे. त्यात बारा कलमे आणि दोन परिशिष्टे असून चिकाटीचा विद्यार्थी तो एका बैठकीत वाचू शकतो.

प्रथम नकाशा उघडावा. पश्चिम बंगालमध्ये, बांगलादेशाच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, गंगेवर फराक्का बंधारा आहे. गंगेचे पाणी कालव्याने भागीरथी-हुगळीत वळवून कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा, या हेतूने तो बांधण्यात आला आणि १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. खालच्या अंगाच्या बांगलादेशात यावरून असंतोष निर्माण झाला. मे १९७६ मध्ये मौलाना भाशानी यांनी फराक्क्याच्या दिशेने मोठा मोर्चा काढला आणि त्याच वर्षी बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेला. १९७७ मध्ये पाच वर्षांचा एक करार झाला. त्यानंतर तात्पुरत्या व्यवस्था आणि करारशून्य वर्षे, असा क्रम चालू राहिला. अखेर १२ डिसेंबर १९९६ रोजी नवी दिल्ली येथे पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या.

आता परिशिष्टातील सूत्र पाहावे. वाटप १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळापुरते असून हिशेब दर दहा दिवसांचा आहे. प्रवाह क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते या मापाने मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. फराक्क्याशी ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर ते निम्मे-निम्मे वाटले जाते. ७०,००० ते ७५,००० च्या दरम्यान बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला मिळते. ७५,००० च्या पुढे भारताला ४०,००० आणि उरलेले सर्व बांगलादेशाला. परीक्षार्थी बहुधा हे तीन आकडे पाठ करून थांबतात. भारताच्या वाट्याला ४०,००० चीच मर्यादा का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. फराक्क्याच्या जोडकालव्याची क्षमताच ४०,००० क्युसेकची आहे. त्याहून अधिक पाणी मिळाले तरी ते हुगळीत नेता येणार नाही. सूत्राच्या मुळाशी असलेले हे अभियांत्रिकीचे वास्तव लक्षात आले की पाठांतराची गरज निम्म्याने कमी होते.

खरी कसोटी टंचाईच्या काळात लागते. ११ मार्च ते १० मे या अवधीत दोन्ही देशांना आलटूनपालटून, प्रत्येकी तीन दशाहांत, ३५,००० क्युसेकची हमी आहे. करारासोबतच्या तक्त्यात १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांची सरासरी दिली आहे. त्यानुसार २१ ते ३० एप्रिल या काळातील सरासरी प्रवाह ६०,९९२ क्युसेक आहे. हा दशाह बांगलादेशाच्या हमीचा असल्याने त्याला ३५,००० आणि भारताला २५,९९२ क्युसेक मिळतात. पुढच्या दशाहात हमी भारताची असते. तुटीचा भार एकाच बाजूवर सतत पडू नये, अशी ही योजना आहे. परंतु प्रवाह ५०,००० च्याही खाली गेला तर? तेव्हा दोन्ही सरकारांनी तातडीने विचारविनिमय करावा, एवढेच करार म्हणतो. १९७७ च्या करारात बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाण्याची हमी होती. १९९६ च्या करारात तशी तरतूद नाही. जुन्या सरासरीवर बेतलेले हे आकडे बदलत्या हवामानात आणि वरच्या राज्यांतील वाढत्या उपशात कितपत टिकतील, हा प्रश्न येथूनच उद्भवतो. करार लागू झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९९७ मध्ये, प्रवाह अपेक्षेपेक्षा बराच घटल्याने तो ठळकपणे पुढे आला होता.

येथे सिद्धान्तांचा उपयोग कळतो. वरच्या अंगाचा देश बलवान असताना त्याने हमी का द्यावी, असा प्रश्न वास्तववादी अभ्यासक विचारील. फराक्का आणि हार्डिंग पूल येथील संयुक्त मोजणीने परस्परांवरील संशय कमी होतो, याकडे उदारमतवादी लक्ष वेधील. या दोन्हींपेक्षा १९९६ च्या राजकीय योगाकडे पाहणारा अभ्यासक आम्हांस अधिक विचारप्रवृत्त करतो. त्या वर्षी ढाक्यात अवामी लीग सत्तेवर आली, दिल्लीत इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री झाले आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी करारापूर्वी ढाक्यास जाऊन अनुकूल वातावरण तयार केले.

बसू यांची ही भेट केवळ सौजन्याची नव्हती. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्राचा विषय आहे आणि कलम २५३ अन्वये असा करार अमलात आणण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. पाणी मात्र प्रामुख्याने राज्यसूचीत आहे. कायद्याच्या दृष्टीने केंद्राचा अधिकार निर्विवाद असला तरी राज्याच्या संमतीविना तो वापरणे किती कठीण असते, हे सप्टेंबर २०११ मध्ये दिसून आले. पश्चिम बंगालच्या विरोधामुळे तिस्ता नदीवरील करारावर ढाक्यात स्वाक्षऱ्या होऊ शकल्या नाहीत. परराष्ट्र धोरण आणि संघराज्य ही प्रकरणे विद्यार्थी वेगवेगळ्या वह्यांत ठेवतात. फराक्का आणि तिस्ता त्यांना एकाच पानावर आणतात.

कराराची मुदत तीस वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची ठरविण्यात आली आणि परस्परसंमतीने नूतनीकरणाची तरतूद बाराव्या कलमात ठेवली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला तेव्हा करार रद्द झाला नाही, कारण करार राज्यसंस्थांमध्ये होतात, सरकारे बदलली तरी त्यांचे बंधन राहते. पहिल्या वर्षाला शिकविले जाणारे हे तत्त्व अशा प्रसंगी जिवंत होते.

भाषेची अडचण

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे एक खास अडचण असते. मूळ दस्तऐवज इंग्रजीत, अनेकदा संदर्भग्रंथही इंग्रजीत, आणि उत्तरपत्रिका मराठीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, परंतु परिभाषा स्वतःच घडवावी लागते. 'तह' हा शब्द आपल्या इतिहासात रुळलेला आहे. पुरंदर, सालबाई, वसई ही नावे शालेय वयापासून परिचित असतात. मात्र तह बहुधा युद्धाच्या शेवटी होतो, म्हणून गंगेच्या पाण्याला तो शब्द शोभत नाही. 'संधी' म्हटले तर मराठी वाचकाला आधी सुयोग आठवतो. 'करार' सर्वसमावेशक आहे, पण त्यामुळेच बंधनकारक करार आणि केवळ सामंजस्याचा मसुदा यांतील भेद पुसट होतो. यावर उपाय एकच : पहिल्या वर्षापासून स्वतःची शब्दसूची ठेवावी आणि एकदा निवडलेला शब्द उत्तरात शेवटपर्यंत बदलू नये. मूळ करार परराष्ट्र मंत्रालयाच्या संग्रहात आणि संयुक्त राष्ट्रांच्या करारमालेत पाहावयास मिळतात. सनदेच्या कलम १०२ नुसार सदस्य राष्ट्रांनी आपले करार तेथे नोंदवावे लागतात.

परीक्षा आणि नोकरी

नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययन दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत शेजारी देशांशी संबंध, भारताचा सहभाग असलेले करार आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांचा समावेश आहे. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतल्यास दुसरी प्रश्नपत्रिका बहुतांशी याच क्षेत्रातील असते. परराष्ट्र सेवेची निवडही याच परीक्षेतून होते आणि तेथील जागा थोड्या असतात. म्हणून केवळ त्या आशेवर ही पदवी घेणे हिताचे नाही. अनुवाद, पत्रकारिता, निर्यात व्यापार, कायदा आणि संशोधन या क्षेत्रांत ती उपयोगी पडते, पण दुसरे एखादे कौशल्य जोडीला असेल तरच.

सरावासाठी एक प्रश्न. ११ ते २० एप्रिल या दशाहात फराक्क्याशी ५८,००० क्युसेक पाणी आहे आणि हमी भारताची आहे. दोन्ही देशांचे वाटे काढा. नंतर तोच प्रवाह ४६,००० क्युसेक मानून कराराच्या कोणत्या तरतुदीनुसार काय घडेल, ते दीडशे शब्दांत लिहा. उत्तर लिहिताना कराराची प्रत शेजारी उघडी असावी.