वस्तीचा मुरमी रस्ता ठेकेदाराकडून करून घेताना



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे गावापासून दूर, शेतातील वस्तीवर राहतात. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची दोन-तीनशे फुटांची वाट उन्हाळ्यात धुळीची आणि पावसाळ्यात चिखलाची असते. बाळंतपणाची वेळ आली किंवा रात्री कोणाला सर्प डसला, तर १०८ क्रमांकाची गाडी वळणावर थांबते आणि आजाऱ्याला खाटेवरून तेथवर न्यावे लागते. ऊस, भाजीपाला, दूध यांचेही चिखलामुळे नुकसान होते. म्हणून चार पैसे हाती आले की वाटेवर मुरूम टाकून घ्यावा, असे वाटते. पण अशा कामात पैसा गेला आणि पहिल्याच पावसात रस्ताही गेला, असे पुष्कळदा घडते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने दाखल्यात सांगितले. तोच धडा येथे लागू आहे.

१. आधी जमीन ओळखा

खानापूरकडे जमीन तांबडी व जांभ्याची आहे. बेळगावच्या पूर्वेला जावे तशी काळी जमीन लागते. काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसती खडी टाकली तर ती गिळली जाते. तेथे वरची ६ ते ९ इंच माती काढून शेतात पसरावी आणि त्या जागी मुरूम भरून दाबून घ्यावा. तांबड्या, कठीण जमिनीत गवत, मुळ्या व मऊ माती काढली तरी पुरते.

२. पाणी हाच रस्त्याचा वैरी

रस्ता मध्यभागी उंच व दोन्ही कडांना उतरता हवा. १० फूट रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे अडीच इंच उंच ठेवावा. दोन्ही बाजूंना चर काढावेत. ओघळ आडवा येत असेल तेथे सिमेंटच्या नळ्यांची मोरी घालावी आणि नळीवर किमान १ फूट भराव राहील असे पाहावे. चराचे पाणी शेजाऱ्याच्या पिकात सोडू नये. ते ओढ्याकडे किंवा आपल्याच शेताकडे वळवावे. शेजारप्रेम बांधावरही दिसले पाहिजे.

३. मालाचा हिशेब

१०० घनफुटांचा एक ब्रास होतो. समजा, रस्ता ३०० फूट लांब व १० फूट रुंद आहे. खाली ४ इंच खडीचा थर हवा असेल, तर ३०० × १० × १/३ = १००० घनफूट, म्हणजे १० ब्रास. वर ३ इंच मुरूम हवा असेल, तर ७५० घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास. पण हे माप दाबलेल्या थराचे आहे. सुटा माल दबाईने सुमारे पाव हिश्शाने बसतो. म्हणून खडी १३ ब्रासच्या वर आणि मुरूम १० ब्रास मागवावा.

खडी फोडलेली, धारेची असावी. नदीतील गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली सरकतात. मुरमात थोडी चिकण माती असावी, फार नको. मूठभर मुरूम ओला करून गोळा करावा व वाळवावा. बोट लावताच तो फुटला तर चिकटपणा कमी आहे. ओला असताना त्याची लांब, बारीक वळी होत असेल आणि हाताला चिकटत असेल, तर पावसात त्याचा चिखल होणार.

४. ठेकेदार कसा निवडावा

किमान तिघांकडून दर मागवा. तिघांनाही एकच माहिती द्या : लांबी, रुंदी, थरांची जाडी, मोऱ्या किती, रोलर कोणाचा. कोणी ब्रासवर दर सांगतो, कोणी फुटावर, तर कोणी ठोक. सर्वांचा दर एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करू नका. ठेकेदाराने निदान एक पावसाळा पाहिलेला रस्ता केला असेल, तर तो जाऊन पाहा आणि त्या घरधन्याशी बोला. फार स्वस्त दराचे कारण बहुधा पातळ थरात किंवा न केलेल्या दबाईत सापडते. मुरूम कोठून आणणार आणि त्याचा परवाना आहे काय, हेही विचारा. गायरानातून किंवा तळ्यातून चोरून काढलेला मुरूम आपल्या दारात नको.

५. कागद आणि पैसे

ठरलेले सर्व एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, दोन साक्षीदार घ्यावेत. ठेकेदार नात्यातला किंवा आपल्याच धर्मग्रामातला असला तरीही कागद करावा. कागदामुळे नाते बिघडत नाही, उलट टिकते. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. थोडा इसार, मग माल पडल्यावर व दबाई झाल्यावर हप्ते, आणि दहावा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर, असे ठरवावे. मात्र काम ठरल्याप्रमाणे झाले असेल, तर तो दहावा हिस्सा अडवून ठेवणे अन्याय आहे. मजुरांना, बायकांना व पुरुषांना, मजुरी वेळेवर मिळते ना, याची चौकशी धन्यानेही करावी. कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाजवळ ओरडते, असे प्रेषित याकोब बजावतो.

६. काम चालू असताना

ट्रॉली रिकामी होण्यापूर्वी आतून मोजा. १० फूट लांब, ५ फूट रुंद व सपाट करून २ फूट उंच माल म्हणजे बरोबर १ ब्रास. मधला ढीग पाहून फसू नका. प्रत्येक खेपेची वहीत नोंद करा. सर्व माल एकदम न पसरता थर तीन-चार इंचांचा घ्यावा, पाणी शिंपडावे, रोलर फिरवावा आणि मगच पुढचा थर टाकावा. शेवटी भरलेली ट्रॉली रस्त्यावरून न्यावी. चाकोऱ्या उमटल्या तर दबाई अपुरी आहे. पावसाळा संपून जमिनीत थोडी ओल असते, तो काळ या कामास उत्तम.

७. आरोग्याची गोष्ट

मुरूम काढलेले खड्डे व तुंबलेले चर यांत पाणी साचले की उबदार हवेत सात-दहा दिवसांत अंड्यांचे डास होतात. खड्डे बुजवावेत किंवा त्यांना वाट करून द्यावी. खडी उतरवताना व पसरताना नाकातोंडाला ओले फडके बांधावे, लहान मुलांना दूर ठेवावे. रस्ता झाल्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चर साफ करावेत आणि खळगे मुरमाने भरून धुम्मसाने ठोकावेत. दोन दिवसांची ही मेहनत रस्त्याचे आयुष्य वाढवते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाटेवरचे पाणी आज कोठे जाते?
२. आपल्या रस्त्याला किती ब्रास माल लागेल?
३. एकाच वाटेवरची दोन-तीन घरे मिळून हे काम करू शकतील काय?