ग्रोमेटनंतरचे वर्ष : धास्ती कशाची आणि दुर्लक्ष कशाकडे

मधल्या कानात चिकट द्रव साचून ऐकू कमी येऊ लागलेल्या मुलाच्या कानाच्या पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी बसवण्याची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांत आटोपते आणि बहुतेक मुले त्याच दिवशी घरी परततात. नळी मात्र पडद्यात साधारणपणे सहा महिने ते दीड वर्ष राहते, त्यामुळे मूल बरे होण्याचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरात पार पडतो. या काळात पालक काळजी घेण्यात कमी पडतात असे क्वचितच आढळते. आढळते ते असे, की काळजी भलत्याच ठिकाणी खर्च होते : आंघोळीच्या पाण्याची धास्ती घेतली जाते, आणि फ्रिजच्या दारात राहिलेली कानाच्या थेंबांची जुनी बाटली मात्र बिनदिक्कत उघडली जाते.

हे असे का घडते, हे समजण्यासाठी नळीचे काम नेमके काय, ते आधी पाहावे लागते. पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते, तिलाच मधला कान म्हणतात, आणि तिथली हवा नाकाच्या मागच्या भागातून येणाऱ्या युस्टेशियन नलिकेवाटे बदलत राहते. लहान मुलांत ही नलिका आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने तिचे अस्तर सुजले, किंवा नाकामागची अॅडिनॉइड नावाची लसीकापेशींची गादी वाढून तिचे तोंड दबले, की मधल्या कानात हवा पोहोचत नाही, आत असलेली हवा शोषली जाते, दाब घटतो आणि पोकळीच्या अस्तरातून द्रव पाझरून हळूहळू घट्ट होतो. यामुळे श्रवणशक्ती साधारण वीस ते तीस डेसिबलांनी घटते, म्हणजे मोठ्याने बोललेले कळते, हळू बोललेले निसटते. म्हणूनच घरच्यांना मूल हट्टी वाटते आणि शाळेच्या वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. हा द्रव पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, आणि तेवढी वाट पाहूनही तो टिकला व ऐकणे सुधारले नाही, तरच सहसा नळीचा विचार होतो. शिवणाच्या रिळासारखा आकार आणि मधोमध सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र असलेली ही नळी बंद पडलेल्या नलिकेचे काम तात्पुरते स्वतःकडे घेते, म्हणजे बाहेरची हवा थेट आत पोहोचवते. पडदा उघडा ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे; व्हिएन्नाच्या आडाम पोलित्झर यांनी एकोणिसाव्या शतकात कडक रबराची कडी वापरून तसा प्रयत्न केला होता, पण आजची पद्धत रूढ झाली ती अमेरिकन शल्यविशारद बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये प्लास्टिकच्या नळीचा उपयोग मांडल्यानंतर. नळी घाण बाहेर काढण्यासाठी बसवली आहे, हा समज घरोघरी दिसतो आणि तो गोंधळ वाढवतो, कारण मग कान कोरडा राहिला की ‘नळी तुंबली’ अशी शंका येते. वास्तविक कोरडा कान हीच नळी नीट काम करत असल्याची खूण आहे.

पहिल्या दिवसाचे फारसे काही सांगण्यासारखे नाही. भुलीतून बाहेर येताना अनेक मुले अर्धा तासभर कशानेही न थांबणारे रडणे रडतात, आईवडिलांनाही ओळखत नसल्यासारखी हातपाय झाडतात. हे दृश्य घाबरवणारे असले तरी ते दुखण्यामुळे असते असे नाही, भुलीच्या औषधाचा अंमल उतरताना मेंदूची जी गोंधळलेली अवस्था होते तिचा तो भाग असतो आणि मुलाला जवळ घेऊन बसण्यापलीकडे तिथे काही करावे लागत नाही. पाणी पचले की पेज, मऊ भात, पुढे नेहमीचे जेवण चालते. ठणका असलाच तर बेताचा असतो आणि डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या पॅरासिटॅमॉलने तो थांबतो; अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. दोन-तीन दिवस कानातून गुलाबीसर पाणी आल्यास चिंतेचे कारण नाही.

त्यानंतर घरात जे सुरू होते त्याची पूर्वकल्पना बहुधा कोणी दिलेली नसते. महिनोन्‌महिने दडे बसलेल्या कानांनी जगणाऱ्या मुलाला कुकरची शिट्टी, मिक्सर, फ्लशचा आवाज, रिक्षाचा हॉर्न हे सारे एकाएकी अंगावर आल्यासारखे वाटते. ते कानांवर हात ठेवते, ‘ओरडू नकोस ना’ असे नेहमीच्या स्वरात बोलणाऱ्या आजीलाच सांगते, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीकडे प्रथमच मान वळवते. हे सहसा काही दिवसांत निवळते. तोवर मुलाला गणपतीच्या मिरवणुकीतील ढोलताशांच्या पथकाशेजारी उभे न करणे एवढे तारतम्य पुरेसे असते. याच्या उलट बोलण्याची प्रगती संथ असते, आणि पालकांची निराशा होते ती इथेच. ऐकू येऊ लागले म्हणजे बोलणे आपोआप सुधारेल ही अपेक्षा अर्धवट खरी आहे, कारण स, श, त, क यांसारखी हलकी व्यंजने ज्या वयात कानात रुजायची त्याच वयात ती पुसट ऐकू आलेली असतात आणि चुकीच्या उच्चारांची सवय एव्हाना जिभेला लागलेली असते. अशा वेळी समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलणे आणि मुलाचा चुकलेला शब्द न टोकता बरोबर उच्चारात परत त्याच्या कानी घालणे हे वाणीउपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधीही घरी करता येते. वर्गात पुढचा बाक मिळावा ही विनंती शस्त्रक्रियेनंतरही काही काळ चालू ठेवावी.

पाण्याविषयी पूर्वी बरीच बंधने घातली जात आणि अजूनही कित्येक ठिकाणी घातली जातात. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने मात्र 2013 च्या व पुन्हा 2022 च्या मार्गदर्शिकेत असे म्हटले आहे, की नळी बसवलेल्या सर्वच मुलांना पोहण्या-आंघोळीच्या वेळी बोळे लावायला सांगण्याची गरज नाही. यामागचे कारण साधे आहे, एवढ्या बारीक छिद्रातून साधे पाणी पृष्ठताणामुळे सहज आत शिरत नाही. साबणाने हा पृष्ठताण कमी होतो, म्हणून टबातल्या फेसाळ पाण्यात डोके बुडवू न देणे शहाणपणाचे ठरते. खोल सूर मारणे, गावची विहीर, तळे किंवा पावसाळ्यातली नदी, आणि रंगपंचमीचे रंगीत पाणी यांच्याबाबतही सावध राहावे, आणि ज्या मुलाचा कान वारंवार वाहतो त्याच्यासाठी बोळ्यांचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा. बाकी रोजची आंघोळ हा घरातला संग्राम करण्याचे कारण नाही.

पाण्यापेक्षा तेल अधिक काळजीचे. आपल्याकडे बाळाची टाळू भरताना कानात दोन थेंब सोडण्याची रीत आहे, दिवाळीच्या अभ्यंगाला थोरामोठ्यांच्याही कानांत तेल जाते आणि कान दुखला की लसूण घालून कोमट केलेले तेल ही पहिली आठवण असते; पडदा अखंड असतानाही ज्याचा फायदा संशयास्पद, ते पडद्यात छिद्र असताना सरळ मधल्या कानात उतरते, नळीत चिकटून तिला बंद करते आणि जंतूंना आसरा देते. आजीला हे समजावून सांगण्याचे काम नाजूक असते, आणि ते डॉक्टरांच्याच तोंडून करवून घेतलेले बरे. इयरबडने मळ काढणेही या काळात पूर्ण बंद ठेवावे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या कान वाहू लागल्यावर. नळी असलेल्या बऱ्याच मुलांचा कान त्या काळात, बहुधा सर्दीच्या पाठोपाठ, केव्हातरी वाहतो, आणि याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा मुळीच नसतो. उलट आत झालेल्या संसर्गाला वाट मिळाल्यामुळे ताप व ठणका कमीच राहतो. अशा वेळी घरात दोन प्रकार घडतात : एक, औषधाच्या दुकानातून पोटात घ्यायचे प्रतिजैविक आणले जाते, दुसरा, मागच्या खेपेचे, किंवा भावंडाचे, थेंब घातले जातात. पहिल्याची गरज मूल एरवी ठणठणीत असेल तर सहसा नसते, कारण क्विनोलोन गटातील कानाचे थेंब नळीतून थेट संसर्गाच्या जागी पोहोचतात. दुसरा प्रकार धोक्याचा आहे. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब मधल्या कानातून आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात, आणि मळ विरघळवणाऱ्या थेंबांतील द्रावके आत गेल्यास झोंबतात व चक्करही आणू शकतात; म्हणून बाटली दाखवून ‘नळी आहे, हे चालेल का’ असे विचारल्याखेरीज कोणतेही थेंब घालू नयेत. थेंब घालण्याचीही पद्धत आहे. कानाच्या तोंडाशी आलेला स्राव आधी स्वच्छ कापडाने टिपावा, बाटली काही वेळ मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते, मुलाला कुशीवर निजवून थेंब सोडावेत आणि भोकापुढे असलेले कूर्चेचे टोक बोटाने चार-पाच वेळा हळूच दाबावे, म्हणजे औषध नळीतून आत ढकलले जाते. हा शेवटचा भाग बहुतेक घरांत गाळला जातो आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रार होते. ठरलेल्या मुदतीपलीकडे थेंब चालू ठेवले तर कानात बुरशी वाढते, आणि कोकणासारख्या दमट हवेत ती लवकर वाढते. आठवडाभर थेंब घालूनही कान वाहत राहिला, स्राव रक्तमिश्रित झाला, कानामागे सूज आली, खूप ताप किंवा चक्कर असली, तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

विमानप्रवासाची भीती तर अगदीच अनाठायी आहे, कारण उघड्या नळीमुळे दाब आपोआप समान होतो आणि अशा मुलाचे कान शेजारच्या प्रवाशाच्या कानांपेक्षा सुखात असतात. घरातील विडी-सिगारेटचा धूर मात्र मधल्या कानाच्या आजाराला खरोखर हातभार लावतो.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत एकदा तपासणी आणि पुढे नळी असेपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी भेट असा क्रम साधारणपणे पाळला जातो, पण मूल नीट ऐकू-बोलू लागले की या भेटी गळतात. पडदा भरत येताना नळीला बाहेर ढकलतो, ती मळात अडकून राहते किंवा नकळत गळून पडते, आणि त्यानंतरही पडदा नीट बंद झाला आहे का हे पाहावेच लागते, कारण थोड्या मुलांत छिद्र तसेच राहते. पडद्यावर दिसणारे पांढुरके चट्टे मात्र सहसा निरुपद्रवी असतात. काही मुलांत नळी पडल्यानंतर द्रव पुन्हा साचतो. ज्या मुलाचे वय चार वर्षांपेक्षा अधिक आहे त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा नळी बसवण्याची वेळ आल्यास अॅडिनॉइडही त्याच वेळी काढावे का, हा प्रश्न पालकांनी स्वतःहून विचारावा, आणि तो विचारण्यापूर्वी श्रवणचाचणीचे आधीचे सर्व आलेख तारखेनुसार लावून एकाच फाइलमध्ये सोबत न्यावेत.